चार बोटे उंच

मेहकरात ज्यांच्या माडीवर मी तीन वर्षे भाड्याने राहिलो, त्या बाई सकाळी पाचला उठायच्या आणि उठताच रागवायच्या. कोणावर, ते त्यानंतर ठरायचे. नळाला पाणी उशिरा आले तर नळ सोडणाऱ्यावर, वेळेवर आले तर पाण्याच्या रंगावर. शेजारच्यांच्या कोंबड्या, समोरच्या भिंतीवरचे वाढदिवसाचे फलक, दूधवाल्याचे माप, पेपरातले मराठी, यांपैकी काहीही चालायचे. पहिल्या आठवड्यात मी दोनदा खोली बदलण्याचा विचार केला. मग लक्षात आले की गल्लीतली मुले त्या आवाजावर शाळेची तयारी करतात, आणि मीही घड्याळाचा गजर लावणे बंद केले आहे.

गावात त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. आरोग्य उपकेंद्रात परिचारिका म्हणून त्यांची सारी नोकरी तालुक्यातल्या खेड्यांत झाली होती. उंची पावणेपाच फूट. सुती पातळ, पदर खांद्यावर पिनेने पक्का करून कमरेला खोचलेला, पायात पांढरे बूट. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूल नव्हते. हे मला त्यांच्या भाच्याने सांगितले. स्वतःबद्दल त्यांनी तीन वर्षांत आपणहून एक वाक्य उच्चारले नाही.

माणसांची नावे त्या लक्षात ठेवत नसत. जन्म लक्षात ठेवत. तालुक्यातली कितीतरी माणसे त्यांच्या हातांवर आली होती आणि प्रत्येकाला त्या तो कसा आला त्यावरून ओळखत. पोलीस ठाण्यातल्या जमादाराला भर बाजारात ‘सातमाशा’ म्हणून हाक मारत. बँकेतल्या कॅशियरला एकदा रांगेतूनच म्हणाल्या, "तू जलमला तवा रडला नाई. पाठीवर दोन चापट्या देल्या तवा आवाज निंघला. आता काऊन लोकांवर एवढा वरडून राह्यला?" रांग हसली. कॅशियरने त्यांचे काम आधी उरकले. भाचा पायांकडून जन्मलेला, म्हणून तो ‘पायाळू’. त्याचे बसस्थानकाजवळ बियाण्या-खतांचे दुकान होते आणि दुकानातही त्या त्याला त्याच नावाने बोलवत. "आधी पाय, मंग डोकं," त्या मला म्हणाल्या होत्या. "अजूनही तसंच हाय याचं."

मी बाहेरगावचा, पेपरचा वार्ताहर. माझा जन्म त्यांना ठाऊक नव्हता, म्हणून मी नुसता ‘पेपरवाले’.

गुडघ्यांमुळे त्या जिना चढत नसत. एकदा मला ताप आला तर त्यांनी खालून दोरी मागितली, तिला स्टीलचा पेला बांधला, पेल्यात थर्मामीटर ठेवला आणि मला वर ओढायला लावले. पाच मिनिटांनी खालून प्रश्न आला, "किती?"

"एकशे एक."

"मंग मरत नाई तुमी. पेला खाली सोडा, पेज देतो पाठवून. आन् थर्मामीटर फुटला तं याद राखा."

निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरली गेली नाही. उपकेंद्राला बहुतेक दिवस कुलूप असे. बाई रोज सकाळी साडेसहाला निघून हिवरा आश्रमाच्या रस्त्याने जात आणि आतल्या दोन खेड्यांत सहा घरे करत. चार घरी इन्सुलिनची सुई, पाचव्या घरी रक्तदाब, सहाव्या घरी गिरजाबाई नावाच्या म्हातारीला सुई आणि तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेचे ड्रेसिंग. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकमध्ये घालून पिशवीत ठेवलेल्या असत. त्या पैसे घेत नसत, चहा घेत नसत, बसतही नसत. सुईआधी कोणी पोहे खाल्ले असतील तर त्या घराचे त्या दिवशी खरे नसे.

निवृत्तीनंतर हे कशाला, असे मी सुरुवातीला विचारले होते.

"रक्तातल्या साखरेले माहीत हाय का मी रिटायर झाली म्हून?" त्या म्हणाल्या आणि दिवसभर माझ्यावर रागावून राहिल्या.

ही फेरी त्या सायकलवर करत. नोकरीभर साधी सायकल होती. गुडघे बोलू लागल्यावर बॅटरीची घेतली, मधला आडवा दांडा नसलेली. भाच्याने स्कूटी घे म्हणून सांगून पाहिले. त्यांचे उत्तर मी ऐकले आहे: "गुडघ्याले हालचाल पाह्यजे, आन् हा मले खुर्चीवर बसवून फिरवाले निंघाला." सपाटीला त्या पेडल मारत आणि चढ आला की बटण दाबत.

तो रस्ता त्या वर्षी पाइपलाइनसाठी उकरलेला होता. चर बुजवला होता, पण डांबर पडले नव्हते. मी त्यावर तीन बातम्या दिल्या, दोन छापून आल्या, रस्ता तसाच राहिला. बाईंच्या पाठीचा एक मणका दबला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितले की हादरे बंद करा, नाहीतर सायकल बंद करा. भाचा सोबत होता. त्याने त्यातले दुसरे अर्धेच वाक्य ऐकले. त्याच संध्याकाळी तो घरी आला आणि सायकलचा चार्जर पिशवीत घालून घेऊन गेला.

"काही सोय होऊ दे मावशी. मंग देतो."

बॅटरीत उरलेली वीज दुसऱ्या दिवशी संपली. बॅटरीशिवाय ती सायकल म्हणजे लोखंडाचे ओझे. तिसऱ्या दिवशी बाईंनी ती नाक्यापर्यंत ढकलत नेली आणि ढकलत परत आणली. आतल्या खेड्यांना सकाळची बस नाही. कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून एकदा गेल्या; परतल्यावर दोन दिवस पाठ टेकता येईना. फेरी थांबली.

सोय काय करायची याचा विचार आम्ही तिघांनी केला. भाचा, बसस्थानकाजवळचा सायकलवाला सलीम आणि मी. रविवारी दुपारी बसलो. माझ्या खोलीत बसलो, कारण वरचा पंखा चांगला होता.

प्रश्न छोटा होता. सीट ज्या दांड्यावर बसते तो दांडा बदलायचा. बाजारात दोन प्रकार होते. एक स्प्रिंगचा: खड्डा आला की दांडा दबतो आणि हादरा पाठीपर्यंत जात नाही. दुसऱ्याला सलीम ड्रॉपर म्हणत होता: सीटखालची कळ दाबून भार दिला की सीट खाली जाते, कळ दाबून अंग उचलले की पुन्हा वर येते. थांबताना पाय जमिनीला नीट टेकतात, पण हादरा काही खात नाही. सायकलच्या नळीत जागा एकाच दांड्याची. म्हणजे यातला एकच निवडायचा होता.

मी कागद घेतला, मध्ये रेघ मारली, डावीकडे स्प्रिंगचा, उजवीकडे ड्रॉपर असे लिहून खाली फायदे-तोटे मांडले. लेथवाल्याकडून व्हर्नियर आणून नळीचे आतले माप तीन वेळा घेतले, मिलिमीटरच्या दशांशापर्यंत. हाडांच्या डॉक्टरांना फोन केला. पुण्यातल्या एका ओळखीच्या सायकलपटूला फोन केला. त्याने विचारले, चालवणाऱ्याच्या पायाची लांबी किती? मी म्हणालो, साधारण. दुसऱ्या कोणाच्या बातमीत ‘साधारण’ आले असते तर मी ती परत पाठवली असती.

सलीम तो कागद पाहत होता. मग म्हणाला, "भाऊ, सिस्टर को एक बार बिठाके देखू ना. खाली जाऊन इचारू."

"तिले काय समजते यातलं?" भाचा म्हणाला. "ते म्हणीन, कायीच नको लावू, चार्जर दे."

सलीमचे वाक्य मी कागदावर घेतले नाही. डावीकडची यादी लांब झाली होती, डॉक्टर त्या बाजूने होते, पाठीचा फोटो त्या बाजूने होता. स्प्रिंगचा दांडा मागवायचे ठरले. खाली बाई कोणावर तरी रागवत असल्याचा आवाज येत होता. कोणावर, ते आम्ही ऐकले नाही.

दांडा कुरिअरने आला. चार्जर नेल्यापासून दांडा बसेपर्यंत अकरा दिवस गेले.

सलीमने तो बसवला. माप तंतोतंत जुळले, त्याचा मला आनंद झाला. नळीत दांडा शेवटपर्यंत खाली दाबला तरी सीट पहिल्यापेक्षा उंच राहिली, कारण स्प्रिंगचा भाग नळीबाहेरच राहतो. सलीमने सीटखाली आडवी बोटे धरून पाहिली. चार बोटे. त्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, सवय होईल.

भाच्याने चार्जर परत दिला आणि दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या. अंगणातल्या ओट्यावर पाय ठेवून त्या सीटवर चढल्या. पहिल्या घराला ओटा होता, दुसऱ्याला दगड होता, पुढे कोणी ना कोणी सायकल धरायला होते. गिरजाबाईचे घर उताराला. तिथे ना ओटा, ना दगड. बाईंनी ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, पण बुटाचे टोक जमिनीला लागले नाही. त्या सायकलसकट आडव्या झाल्या. सायकल त्यांच्या अंगावर पडली, पिशवीतल्या दोन बाटल्या फुटल्या.

गिरजाबाईच्या सुनेने त्यांना उठवले आणि उठवता उठवताच सांगितले की म्हातारी घरी नाही. ड्रेसिंग होत नव्हते, सुई द्यायला कोणी नव्हते, घरच्यांनी अंगठ्याला हळद लावून फडके बांधून ठेवले होते. अंगठा काळा पडला तेव्हा तिला बुलढाण्याला नेले. अंगठा कापला होता.

बाई सायकल हातात धरून चालत घरी आल्या. दुपार झाली होती. भाच्याला बातमी त्यांच्याआधी पोचली होती. तो फाटकात उभा होता. त्याने आधी त्यांचा खरचटलेला कोपर पाहिला, मग चार्जर पुन्हा काढून घेतला. "आता बस मावशी. आता नाई." त्याचे डोळे भरलेले होते. मी ते पाहिले आणि मला तोच बरोबर वाटला.

संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली. एक पायरी, थांबा, पुन्हा एक पायरी. पंधरा पायऱ्या आहेत. त्या वर आल्या, दाराला धरून श्वास घेतला. कोपराला पट्टी होती, त्यांनीच बांधलेली. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. टेबलावर तो कागद अजून पडलेला होता.

"हे काय?"

"दोन्ही प्रकारांची तुलना. फायदे-तोटे."

त्यांनी चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"याच्यात मी कुठं हाय?"

मी सांगू लागलो. डॉक्टरांचे मत घेतले, पुण्याला विचारले, सलीम होता, भाचा होता.

"पेपरात लिहिता ना तुमी, संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही म्हून? मी इथंच होती. तुमच्या पायाखालच्या खोलीत. तुमी खुर्ची सरकवली तं मले आवाज येते, आन् मले एक हाक नाई मारता आली?"

मी पुढे केलेली खुर्ची मागे घेतली.

"सहा घरं हायेत. सहा खेप उतरा लागते, सहा खेप चढा लागते. तुमी मले रस्त्यावर पाह्यलं, कोणाच्या दारात नाई पाह्यलं. खड्डा दिसते मले. खड्डा आला का मी पायडलवर उभी राह्यतो, जलम गेला तसं करून. पाठ माही हाय, मी सांभाळतो. पण थांबली आन् पायाखाली जमीन नाई लागली, तं काय सांभाळू? हवा?"

"डॉक्टर म्हणाले होते की हादरे..."

"डॉक्टरनं हाड पाह्यलं. हाडावर बाई हाय, तिचे पाय केवढे हायेत, ते कोण पाहीन? तुमी नळी मोजली. तीनदा मोजली म्हणे. माहा पाय मोजाले काय लागत होतं, टेपच ना?"

त्यांचा आवाज खाली गल्लीत जात होता. समोरच्या घराचे दार उघडले.

"गिरजाचा अंगठा गेला," त्या म्हणाल्या. "तो कुठं लिहू? डावीकडं का उजवीकडं?"

त्यांनी हात पुढे केला होता, पेनासाठी. मला वाटले होते ते बोलण्याच्या ओघातले आहे. तसे नव्हते. त्या हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मी पेन दिले नाही. त्या वळल्या आणि पंधरा पायऱ्या उतरल्या, एकेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चालत सलीमच्या दुकानात गेल्या. ड्रॉपर त्याने आधीच जालन्याहून मागवून ठेवला होता. मला सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

"मंग त्या दिवशी वर काऊन नाई बोलला तू?" बाईंनी त्याला विचारले.

"सिस्टर, मी बोल्लो. दोन शिकलेल्या माणसायच्या मंधात बोल्लो, म्हून ऐकू नाई गेलं."

"मोठ्यानं बोलाचं. जलमला तवा तं गाव उठवलं होतं तू."

सलीमने आधी त्यांना भिंतीला उभे करून टाचेपासून माप घेतले, मग दांडा बसवला. स्प्रिंगचा दांडा त्यांनी पेपरात गुंडाळून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवला, माझ्यासाठी. सीटवर जुन्या गोधडीची घडी बांधली. चाकांतली हवा थोडी कमी करायला लावली. दुपारी अंगणात त्यांनी सराव केला. कळ दाबायची, सीट खाली, दोन्ही पाय सपाट जमिनीवर. उतरायचे. पुन्हा बसायचे, पाय पेडलवर, चार हात जायचे, अंग उचलून कळ दाबायची, सीट वर. पुन्हा थांबायचे. मी वरून मोजले. तेवीस वेळा. दर वेळी त्या सायकलला काहीतरी बोलत होत्या आणि त्यातले काही छापण्यासारखे नव्हते.

राहिला चार्जर.

पेरणीच्या आधीचे दिवस होते. भाच्याच्या दुकानात सोयाबीनच्या बियाण्यासाठी गर्दी होती. बाई गर्दीतून पुढे गेल्या. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. तिथून सगळे ऐकू येत होते, कारण आवाज त्यांचा होता.

"चार्जर दे."

"मावशी, घरी बोलू."

"घरी नाई. घरी तुले ऐकू येत नाई. इथं गिऱ्हाइकापुढं बरोबर ऐकू येते."

"परवा पडली ना तू? अजून पडशीन. मंग?"

"पडली तं उठीन."

"आन् नाई उठली तं?" भाच्याचा आवाज फुटला. "मले कोण हाय दुसरं?"

आता त्या विरघळतील असे मला वाटले. त्यांचा आवाज आणखी चढला.

"तुले कोणी नाई म्हून मी घरात बसू? आन् गिरजाले कोण हाय, सांग. तुह्या जलमाच्या वेळेस तुही माय दोन दिवस अडली होती. मी नाल्यातून सायकल खांद्यावर घेऊन आली, एकटी. तवा कोणी म्हणलं नाई का सिस्टरबाई, पडशान. तवा सगळ्यायले मी पाह्यजे होती. आता माहे पाय दुखले तं तुमाले माही काळजी आली?"

बियाण्याची बॅग खांद्यावर घेतलेला एक माणूस मागून म्हणाला, "दे ना बे चार्जर. माह्या बापाची सुई हाय तिच्यापाशी."

"हाव, दे रे," आणखी कोणी म्हणाले. "आमच्या बापालेही सुई नाई, पंधरा दिस झाले पोळी अर्धी खाऊन राह्यले."

भाचा गल्ल्याखाली वाकला. चार्जर कापडी पिशवीत होता. वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलेला होता. त्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि दुसरीकडे पाहू लागला. बाईंनी चार्जर बाहेर काढून दोन्ही बाजूंनी तपासला.

"रबर काऊन लावलं? वायर तुटते अशानं," त्या ओरडल्या आणि निघाल्या.

फेरी पुन्हा सुरू झाली. गिरजाबाई बुलढाण्याहून परतली, तिच्या पायाचे ड्रेसिंग आता मोठे होते.

यानंतर मी एक चूक केली, आणि ती घाईत केली नाही. मी बाईंवर अर्धे पान लिहिले. निवृत्त परिचारिका, बॅटरीची सायकल, सकाळचा रस्ता, सहा घरे. छायाचित्र चांगले आले होते. जिल्ह्याहून दोन फोन आले, चांगले झाले म्हणून. उपकेंद्राची जागा रिकामी आहे, हा परिच्छेद मी शेवटी ठेवला होता. पानात जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद आधी जातो, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात कळते. तो गेला. फेरी बंद होती ते अकरा दिवस मी त्यात घेतलेच नव्हते. ते लिहायचे तर ती रविवारची दुपार लिहावी लागली असती.

पेपर त्या रोज वाचत, पण माझ्या बातमीवर कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी जिन्याखालून हाक आली.

"पेपरवाले, खाली या."

त्यांच्या हातात ते पान होते.

"गिरजाचा अंगठा कुठं हाय याच्यात?"

"नाही."

"उपकेंद्राचं कुलूप?"

"लिहिले होते. कापले गेले."

"कुठं लिहिलं होतं? वर का खाली?"

मी सांगितले, खाली.

त्यांनी पानाची घडी घातली. ती माझ्या हातात दिली. "एक तारखेपर्यंत खोली खाली करा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. तीन वर्षांत त्यांनी माझ्याशी रागाशिवाय बोललेले ते पहिले वाक्य.

त्यानंतरचे अठरा दिवस मी त्याच घरात होतो. त्या पाचला उठत, नळावर रागवत, कोंबड्यांवर रागवत, दूधवाल्याला फाटकातून परत पाठवत. माझ्यावर रागावल्या नाहीत. एकदा मी रात्रभर दिवा चालू ठेवून झोपलो, एकदा दार आपटले. खालून काही आले नाही. जिन्यात गाठ पडली तर त्या एका बाजूला होऊन वाट देत.

एक तारखेला सकाळी सामान न्यायला टेम्पो बोलावला होता. टेम्पोवाल्याने तो नेमका फाटकात आडवा लावला. साडेसहा वाजत आले होते. बाई सायकल घेऊन बाहेर आल्या. कळ दाबून सीट खाली केली, बसल्या, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. पिशवी पुढच्या टोपलीत होती. समोर टेम्पो, आणि टेम्पो व त्यांच्या मध्ये मी, गादीची वळकटी छातीशी धरून.

त्यांनी माझ्या डोक्यावरून टेम्पोवाल्याला हाक दिली. "ए जुळ्या! थोरला हाय का धाकटा तू? तुह्या बापाचं फाटक हाय का हे? काढ तो डबा, माणसं उपाशी बसले हायेत तिकडं सुईसाठी!"

टेम्पोवाला घाईने आत चढला आणि त्याने टेम्पो मागे घेतला. मी अजून वाटेतच होतो. मला वाटत होते, आता काहीतरी बोलले पाहिजे. चुकलो, असे दोन शब्द. मी तोंड उघडले.

"सरकता का जरा?" बाई मला म्हणाल्या, परक्या माणसाशी बोलावे तशा, अदबीने.

मी सरकलो.